शाल, श्रीफळ आणि हजेरीपट

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाला संशोधकांच्या एका मंडळाच्या वार्षिक अधिवेशनाचे बोलावणे आले. मंडळाचे नाव लिहीत नाही. तक्रार त्या एका मंडळाची नाहीच. असे समारंभ सगळीकडे एकाच साच्यातून निघालेले असतात. बोलावण्याचे कारण सरळ होते. विषय शेतीचा, पाहुणे मोठे, आणि सभागृहात बायका दिसायला हव्यात. 'वीसेक महिला आणा, गाडी आम्ही पाठवतो,' असा निरोप. पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे कापूस-सोयाबीनचे गाव. वेचणीचे दिवस होते. एका दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? तरी सतरा जणी आल्या. त्यांत माझी आई होती.

शेवटचा कार्यक्रम जीवनगौरव पुरस्काराचा. पुरस्कार होता पस्तीस वर्षे पिकांच्या पैदाशीचे काम केलेल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांना. आधी मानपत्र वाचले गेले: इतके वाण, इतके शोधनिबंध, इतके विद्यार्थी पीएच.डी. झाले, इतके परदेश दौरे. मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मग निवेदिकेने 'सरांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या मॅडमना' मंचावर बोलावले. त्यांना साडी, खण आणि नारळ. 'मॅडमनी संसाराची झळ सरांना कधी लागू दिली नाही,' या वाक्याला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अशा वेळी हात आपोआप उठतात. नंतर चहाच्या वेळी मॅडमच्या शेजारी उभी होते तेव्हा कळले, की त्याही त्याच विषयातल्या एम.एस्सी.; वर्गात सरांच्या पुढे असायच्या. लग्नानंतर बदल्यांच्या गावी नोकरी जमली नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. साडीचा रंग आवडला नव्हता, ते मात्र तक्रार म्हणून सांगितले.

सरांचे भाषण चांगले झाले. पडद्यावर जुनी छायाचित्रे दाखवत ते बोलत होते. एक छायाचित्र कपाशीच्या शेताचे होते: पुढे सर, मागे ओळीने वाकलेल्या आठ-दहा बाया, डोक्यावर पदर. सर म्हणाले, 'या दोन हातांनी मी हजारो संकर केले.' तोवर इंग्रजी शब्दांच्या गर्दीत डुलक्या घेत असलेली आई जागी झाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'ह्यांच्या हातानं? नखं बघ बरं ह्यांची.'

ज्यांनी कपाशीचा बीजोत्पादनाचा प्लॉट पाहिलेला नाही त्यांना नखांचे काय ते सांगायला हवे. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. संकरित बियाणे हवे असेल तर मादी वाणाच्या प्रत्येक कळीतले पुंकेसर ती उमलायच्या आदल्या दिवशी काढून टाकावे लागतात. हे काम हातानेच होते. अंगठ्याच्या नखाने कळीच्या बुडाशी गोल चीर द्यायची, पाकळ्यांसकट पुंकेसर अलगद ओढून काढायचे, आतल्या नाजूक कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. मग खुणेला आणि झाकायला लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर चोळायचे. एका बोंडासाठी एकेका कळीला दोनदा हात. हंगामभर हेच, रोज, वाकून. माझी आई लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षे एका बीजोत्पादकाच्या प्लॉटवर या कामाला जायची. अंगठ्याचे नख मुद्दाम वाढवायचे, आणि ते हंगाम संपेपर्यंत काळेहिरवे राहायचे. मीठ लागले की झोंबायचे, म्हणून त्या दिवसांत भाकरीबरोबर ठेचा आजी वाटायची.

सर खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. उमेदीच्या वर्षांत त्यांनी स्वतः संकर केलेही असतील, पैदासकार करतात. कोणत्या दोन वाणांची गाठ घालायची, पुढच्या पिढ्यांतून काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ज्ञान त्यांचे, आणि ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येते. आक्षेप माणसावर नाही, 'मी केले' या क्रियापदावर आहे. जीवनगौरवाच्या भाषेत हे क्रियापद इतके फुगते, की मॅडमची एम.एस्सी.ही त्याच्या पोटात जाते आणि छायाचित्रातल्या बायांचे हातही.

जीवनगौरवासाठी काय मोजतात ते एकदा नीट पाहा. सेवेची वर्षे, निबंधांची संख्या, पदे, हाताखालून गेलेले विद्यार्थी. ही सगळी मोजमापे न तुटलेल्या आयुष्याची आहेत. बाळंतपणाने, नवऱ्याच्या बदलीने, सासूच्या आजारपणाने किंवा वरिष्ठाच्या एखाद्या वाक्याने जिचे काम मधेच तुटले, तिची बेरीज कमीच भरणार. आणि ज्याची बेरीज पूर्ण भरली त्याचे दिवस सलग राहावेत म्हणून घरात कोणीतरी आपले दिवस तोडून दिलेले असतात. पुरस्कार एका आयुष्याचा म्हणून दिला जातो. खर्ची पडलेली असतात दोन-तीन.

कमला सोहोनींचे नाव मी समाजकार्याच्या एम.ए.पर्यंत ऐकलेही नव्हते. दुर्गाबाई भागवतांचे ऐकले होते. कमलाबाई त्यांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. अर्जदार मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई ऐकून गप्प बसल्या नाहीत. बंगलोरला जाऊन ठाण मांडले आणि नकाराचे कारण विचारले. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट पुन्हा वाचा. लक्ष पुरुषांचे, जबाबदारी मुलीची. आज आमच्या भागातल्या कॉलेजांत मुलींना ओढणीवरून ऐकवतात ते याहून वेगळे काय असते? वर्षभराने तिचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला, हेही सांगायला हवे.

१९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पेशींच्या श्वसनात लागणारे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना शोधले. परत आल्यावर, १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तिथे त्यांनी विषय घेतले कडधान्ये आणि नीरा. म्हणजे गरिबाच्या ताटातले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेने किती पोषण मिळू शकते, याचे त्यांचे काम आहे, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कारही मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. पण अंतर्गत राजकारणामुळे ते पद चार वर्षे उशिरा हाती आले, असे त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे.

आणि मग १९९८. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार ठरवला. कमलाबाईंचे वय तेव्हा पंच्याऐंशी उलटून गेलेले. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळात गेल्या.

हा प्रसंग सांगताना लोकांचा गळा दाटतो. मला राग येतो. तरुणपणी जे द्यायचे होते ते महाग होते: प्रयोगशाळेतली जागा, वेळेवर पद, पदाबरोबरचा पगार आणि अधिकार. ते देताना कोणाला तरी सरकून बसावे लागले असते. म्हातारपणी द्यायच्या शालीसाठी कोणालाच सरकावे लागत नाही. थकलेली मजुरी न देता नुसती पावती हातात ठेवावी, तसे हे आहे. दिल्लीत ज्यांनी सत्कार ठरवला त्यांचा हेतू चांगलाच होता; त्यांनी निदान आठवण ठेवली. आधीच्या पन्नास वर्षांचे काय?

दुसरे उदाहरण देताना मी थोडी अडखळते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या प्रेमाचे घर आहे. केंद्र सरकारने २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले. त्यातला 'विज्ञानरत्न' हा आयुष्यभराच्या कामासाठी. पहिला गेला जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना, २०२५ चा जयंत नारळीकरांना, मरणोत्तर. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून माझ्या वर्गातल्या पोरी आकाशाकडे बघायला शिकल्या. त्यांना पुरस्कार मिळाल्याचा आनंदच झाला.

पण त्या बातमीच्या दिवशी मला मंगलाताई आठवल्या. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम.ए.ला पहिल्या, कुलपतींचे सुवर्णपदक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन सुरू झाले. मग लग्न, केंब्रिज, तीन मुली, सासू-सासरे. पीएच.डी. झाली १९८१ मध्ये. 'लीलावतीज् डॉटर्स' हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरचे पुस्तक २००८ मध्ये निघाले. त्यात त्यांनी स्वतःच लिहिले आहे, की घरच्या जबाबदाऱ्या आधी आणि गणित नंतर, असेच त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या बायकांचे झाले. त्या कुढत बसल्या नाहीत. शिकवत राहिल्या, मुलांसाठी गणितावर सोपी पुस्तके लिहिली, बालभारतीच्या गणित समितीचे काम केले आणि 'वीस दोन'वरून झालेली टिंगलही सोसली. २०२३ मध्ये त्या गेल्या. सुखी, परस्परांचा मान ठेवणारे घर होते ते. म्हणूनच उदाहरण घेते आहे. जिथे जुलूम नाही, भांडण नाही, दोघांची बुद्धी तोलामोलाची आहे, तिथेसुद्धा सलग आयुष्य कोणाला मिळाले आणि तुटक कोणाला, हे पाहा.

मंगलाताईंची पीएच.डी. झाली तेव्हा त्यांचे वय अडतीस. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराला वयाची मर्यादा पंचेचाळीस. म्हणजे ज्या वयात पुरुष संशोधक बहरात असतो, त्या वयात बाई पुन्हा सुरुवात करते, आणि दाराशी पोचेपर्यंत दार लागते. हा पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. पहिली स्त्री असीमा चॅटर्जी, १९६१ मध्ये. दुसरी अर्चना शर्मा, १९७५ मध्ये. तिसरी इंदिरा नाथ, १९८३ मध्ये. २०२२ पर्यंतच्या पाचशेहून जास्त मानकऱ्यांत बायका विसाच्या आसपास. २०२२ च्या यादीत बारा नावे, बाराही पुरुषांची. आता तो पुरस्कार राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत 'विज्ञान युवा' म्हणून सामील झाला. पंचेचाळीसची अट तशीच आहे. पुण्याच्या रोहिणी गोडबोले २०२४ मध्ये जाईपर्यंत विज्ञानातल्या स्त्रियांच्या या प्रश्नांवर बोलत राहिल्या. स्वतः मोठ्या भौतिकशास्त्रज्ञ असून हे 'बायकांचे' काम त्यांनी कमी लेखले नाही, याचे मोल फार आहे. वयाचे गणित तरुणपणी असे चुकवले, की पुढे जीवनगौरवाच्या यादीत बायका कमी दिसणारच. मग समितीतले लोक निरागसपणे म्हणतात, 'अहो, नावेच येत नाहीत.'

इथवरचे सगळे शिकलेल्या बायकांचे झाले. आईचे नख राहिले.

कमलाबाई कोसळल्या त्याच १९९८ साली आमच्या मराठवाड्यातल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यांचा उद्योग त्यांनी उभा केला, ही मोठी कामगिरी होती. हा पुरस्कार १९८७ पासून दिला जातो आणि एका स्त्रीला तो पहिल्यांदा मिळाला २००० मध्ये, मेक्सिकोच्या एवांजेलिना व्हियेगास यांना. पण मला पडतो तो प्रश्न याहूनही खालचा आहे. संकरित कपाशीचे बियाणे, मग ते कोणाच्याही नावाचे असो, कळी-कळीला बायांचे नि पोरींचे हात लागून तयार झाले. आंध्रात आणि गुजरातेत तर शाळेच्या वयाच्या मुलींना या कामावर लावले गेले; त्यांची बोटे बारीक आणि उंची रोपाला बेताची, असे कारण दिले जायचे. २००१ मध्ये पीक-वाण संरक्षणाचा कायदा झाला. त्याने पैदासकाराचा हक्क मान्य केला, शेतकऱ्याचाही केला, आणि ही चांगली गोष्ट झाली. मजूर बाई त्यात बसत नाही.

बाईचा गौरव झालाच तर कसा होतो? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. देशी बियाणे निवडणे, जपणे, वाढवणे, लोकांना देणे, हे त्यांनी शाळेत न जाता केले. पद्मश्री मिळाली याचा आनंद आहेच. पण सगळे त्यांना 'बीजमाता' म्हणतात. तेच काम विद्यापीठात करणाऱ्या पुरुषाला आपण 'बीजपिता' म्हणत नाही, शास्त्रज्ञ म्हणतो. माता म्हटले की ज्ञानाचा प्रश्न मिटतो. आई काय, मायेने करतच असते.

हे सगळे लिहिताना मी स्वतः कुठे उभी आहे तेही सांगते. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी आमच्याच भागातल्या शेतमजूर बायांच्या मुलाखती घेतल्या. साठ जणी. रात्री स्वयंपाक आटोपून, दिवसभर वाकलेल्या पाठीने त्या माझ्या प्रश्नावलीपुढे बसल्या. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे नाव, ग्रंथपालांचे नाव, टंकलेखन करणाऱ्याचे नाव आहे. मग 'सर्व उत्तरदात्या महिलांचे आभार.' नावे गुप्त ठेवायची असतात, असा नियम आहे आणि तो बरोबरही आहे. पण साठ जणींपैकी एकीलाही मी विचारले नव्हते, 'तुझे नाव घालू का?' पदवी मला मिळाली, तिच्यावर नोकरी मिळाली. ८ मार्चला आपल्या संघटनाही सत्कार करतात तेव्हा काय करतात? नवऱ्यामागे मुले वाढवली म्हणून एखादीला शाल देतात. तिने मजुरीच्या दरासाठी काम बंद पाडले होते, ते सूत्रसंचालनात येत नाही.

त्या अधिवेशनानंतर दोन महिन्यांनी मंडळाचे पत्र आले. पुढच्या वर्षी 'आदर्श शेतकरी महिला' असा नवा पुरस्कार ठेवला आहे, आपल्या गटातून एक नाव सुचवावे. पत्र गटाच्या बैठकीत वाचले. दोघी-तिघींना वाटले, नाव द्यावे. गावाचे नाव होईल. एकीने विचारले, 'पैसे देतात का नुसताच नारळ?' सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. एक जण म्हणाली, 'एकीलाच कसं द्यायचं? ओळीत तर सगळ्याच असताव.' बराच वेळ वाद झाला. मी मुद्दाम कमी बोलले, म्हणजे तसा प्रयत्न केला.

शेवटी उत्तर लिहिले ते असे. आदर्श महिलेचे नाव आम्ही सुचवत नाही. मात्र पुढच्या वर्षी ज्यांना जीवनगौरव द्याल, त्यांच्या प्रयोगक्षेत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या रोजंदार बायांची नावे मानपत्राबरोबर वाचावीत आणि छापावीत. नावे शोधायला लांब जावे लागणार नाही. सरकारी पैशाने मजुरी दिली जाते तिथे हजेरीपट असतो. नावे, दिवस, रक्कम, सही किंवा अंगठा, सगळे त्यात असते. त्यांतल्या ज्या हयात असतील त्यांना मंचावर खुर्ची द्यावी. पुरस्काराच्या रकमेतला काही भाग त्यांच्यासाठी ठेवता येईल का, याचाही विचार व्हावा. आणि पत्नीला मंचावर बोलावणार असाल तर तिचे स्वतःचे नाव आणि शिक्षण वाचावे. हे शेवटचे कलम मी घातले. बायांना ते आधी कळले नाही, मॅडमच्या एम.एस्सी.ची गोष्ट सांगितल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. खाली एकोणीस जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत.

उत्तर अजून आलेले नाही.

पत्राची नक्कल वाचून दाखवली तेव्हा आईने विचारले, 'मग माझंबी नाव निघंल का त्या हजेरीपटात?' मी म्हटले, तुझा प्लॉट खासगी होता, तिथे हजेरीपट होता का? ती थोडा वेळ आठवत राहिली. म्हणाली, मुकादमाची वही होती. तिच्यात नावे नव्हती. कोणत्या ओळीत किती बाया, एवढेच आकडे होते.